मुद्रा कोणाची?

आजचे वाचन : 1 राजे 21:1-29, मत्तय 27:3-10 आणि 24



नाबोथाच्या द्राक्षमळ्याची गोष्ट आपण संडे स्कूलपासून ऐकत आलो आहोत. तिथे ती लोभाची गोष्ट म्हणून शिकवतात. राजाला मळा हवा होता, मालक देईना, मग राणीने खोटे साक्षीदार उभे केले आणि त्या गरिबाला दगडमार करवला. लोभ करू नका, आमेन. पण या आठवड्यात हा अध्याय वाचताना मी 8 व्या वचनाशी थांबले आणि पुढे जाताच येईना. ईजबेलने नगरातल्या वडीलजनांना पत्रं लिहिली ती अहाबाच्या नावाने, आणि त्यांवर शिक्का मारला तोही अहाबाचाच.

म्हणजे बघा, अहाबाने स्वतः एकही पत्र लिहिलं नाही. साक्षीदार त्याने आणले नाहीत, दगड त्याने उचलला नाही. तो तर रुसून, तोंड फिरवून, न जेवता पडून होता. राणी म्हणाली, ऊठ, जेव, मळा मी तुला मिळवून देते. त्यावर त्याने एक साधा प्रश्न विचारायला हवा होता, "कसा?" तो त्याने विचारला नाही. नाबोथ मेल्याची बातमी आली तेव्हाही, "अरे, तो कशाने मेला?" असं विचारलं नाही. तो उठला आणि मळा ताब्यात घ्यायला निघाला.

आणि देवाने एलीयाला कोणाकडे पाठवलं? आधी अहाबाकडे, तेही त्या मळ्यातच. ईजबेलचा न्याय पुढे सांगितला आहे, पण खुनाचा जाब पहिल्यांदा विचारला गेला तो ज्याची मुद्रा वापरली गेली त्याला, ज्याला फळ मिळणार होतं त्याला.

आपल्या मराठीत "मुद्रा" या शब्दाचे दोन अर्थ आहेत. मुद्रा म्हणजे शिक्का, आणि मुद्रा म्हणजे नाणं. आपण ज्याच्या हाती पैसा देतो, त्याच्या हाती आपली मुद्रा देतो. तो तिचं काय करतो हे न विचारता नुसतं फळ घेणं म्हणजे काय, हा आजचा आपला प्रश्न आहे. आणि पैसा मंडळीचा असेल तर हा प्रश्न अधिकच टोचतो.

एक खरी घटना सांगते. ओडिशात नियमगिरी नावाचा डोंगर आहे. तिथे डोंगरिया कोंध आदिवासी राहतात, आणि तो डोंगर त्यांच्या नियमराजाचा, म्हणजे त्यांच्या देवाचा. डोंगरमाथ्यावर बॉक्साइट आहे. पायथ्याशी लांजीगढला वेदांता कंपनीने ॲल्युमिना शुद्धीकरणाचा कारखाना उभारला होता आणि त्यासाठी डोंगरावर खाण हवी होती. लोकांचा विरोध होता. तेव्हा या कंपनीचे शेअर्स कोणाकोणाकडे होते? त्यांत चर्च ऑफ इंग्लंडही होतं! त्यांच्या निवृत्त पाळकांच्या पेन्शनचा आणि चर्चच्या जुन्या ठेवींचा काही पैसा तिथे गुंतवलेला होता.

चर्च ऑफ इंग्लंडची गुंतवणुकीच्या नीतीवर सल्ला देणारी एक समिती आहे. त्यांनी लगेच शेअर्स विकले नाहीत. आधी कंपनीशी बोलणी केली, प्रश्न विचारले, आणि आपला माणूस ओडिशात पाठवून परिस्थिती पाहिली. मग फेब्रुवारी 2010 मध्ये चर्चने तिथले सुमारे 38 लाख पौंडांचे शेअर्स विकून टाकले आणि कारणही जाहीर केलं: मानवी हक्क आणि स्थानिक लोक यांचा जेवढा आदर आम्हाला अपेक्षित आहे, तेवढा या कंपनीने दाखवलेला नाही. कंपनीने हे आक्षेप नाकारले होते, हेही सांगायला हवं. नॉर्वेच्या सरकारी पेन्शन फंडाने त्याआधीच, 2007 मध्ये, हात काढून घेतला होता.

हे दूरच्या देशातलं प्रकरण म्हणून सोडून देऊ नका. 1970 साली सहा मंडळ्या एकत्र येऊन आपलं चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, त्यात एक मोठा प्रवाह अँग्लिकनच होता. ते आपलं नात्यातलंच घर आहे. आणि मला या घटनेतलं सर्वांत हलवून टाकणारं वाटतं ते हे, की एका ख्रिस्ती मंडळीने आपला पैसा मागे घेतला तो दुसऱ्या लोकांच्या देवस्थानासाठी. तिथे कोणी चर्च पाडत नव्हतं. बाप्तिस्मा घेतलेल्या कोणाची जमीन जात होती म्हणूनही नव्हे. जे लोक त्या डोंगराला देव मानतात, त्यांच्या "नाही" ला मान द्यायचा, एवढ्यासाठी.

आता परत नाबोथाकडे चला. अहाबाने आधी काय केलं होतं? त्याने चांगला भाव देऊ केला होता. याहून उत्तम मळा देतो, नाहीतर रोख किंमत घे. व्यवहार म्हणून पाहिलं तर यात खोट काहीच नाही. आजच्या भाषेत "मोबदल्याचं पॅकेज" छान होतं. नाबोथ म्हणाला, ही माझ्या वाडवडिलांची वतनजमीन आहे, ती मी देणार नाही, देवाने मला तसं करू देऊ नये. म्हणजे गोष्ट किमतीची नव्हतीच. गोष्ट होती "नाही" म्हणण्याच्या हक्काची. राजाचं पाप भाव कमी देण्यात नव्हतं. त्याला नकार सोसला नाही, इथून ते सुरू झालं.

आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या माणसाला हे कोणी वेगळं समजावून सांगायला नको. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला 2009 मध्ये वनहक्क कायद्याखाली सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. त्या गावाने जंगलाला कुलूप लावलं का? नाही. ते आपला बांबू आपणच तोडतात, आपणच विकतात. ज्याला "नाही" म्हणता येतं, त्याचाच "हो" खरा असतो. बाकीचा "हो" म्हणजे नुसती मान हलवणं.

आणि तिकडे एटापल्ली तालुक्यात सूरजागडचा पहाड आहे. तिथे ठाकूरदेवाची जत्रा भरते, सत्तर गावांच्या इलाख्याचं ते दैवत. त्याच पहाडावर लोहखनिज आहे. लॉइड्स मेटल्सला 2007 मध्ये तिथे खाणपट्टा मिळाला. इलाख्यातल्या ग्रामसभांनी वर्षानुवर्षं विरोध केला. डिसेंबर 2016 मध्ये नक्षलवाद्यांनी तिथली कितीतरी वाहनं जाळली, काम थांबलं, आणि 2021 पासून खाण पुन्हा सुरू झाली. आज तिथे कामाला लागलेली पोरंही आहेत, आणि त्या पगाराने त्यांच्या घरात आलेला आनंद खोटा नाही. तेव्हा सूरजागडचा निवाडा मी खुर्चीवर बसून करणार नाही. पण एक गोष्ट तुमच्या लक्षात यावी. ती कंपनी शेअर बाजारात नोंदलेली आहे. म्हणजे पुण्यात किंवा बेंगळुरूमध्ये बसलेल्या कोणाच्याही मोबाइलमधल्या ॲपवर ठाकूरदेवाचा पहाड येऊ शकतो, हिरव्या रंगातला एक आकडा होऊन. त्या आकड्यात कोणाचा "हो" आहे आणि कोणाचा "नाही" आहे, हे ॲप सांगत नाही.

इथे काही जण म्हणतील (आणि आमच्या यूथ ग्रुपमध्ये म्हणालेही), "अगं ताई, चर्चने विकले तर दुसऱ्या कोणी घेतले. शेअर तोच, कंपनी तीच. फरक काय पडला?"

प्रश्न चांगला आहे, त्याला टाळायचं नाही. खरंच, 38 लाख पौंड म्हणजे त्या कंपनीच्या पसाऱ्यात चिल्लरच. नियमगिरी वाचला तो चर्चने शेअर्स विकले म्हणून नव्हे. ऑगस्ट 2010 मध्ये केंद्र सरकारने वनपरवानगी नाकारली. 18 एप्रिल 2013 रोजी सुप्रीम कोर्टाने सांगितलं की लोकांच्या धार्मिक हक्काचा प्रश्न ग्रामसभांपुढे ठेवा. मग त्या पावसाळ्यात डोंगरावरच्या 12 गावांत सभा झाल्या, आणि बाराच्या बारा गावांनी "नाही" म्हटलं. डोंगर त्यांनी वाचवला. बाहेरच्या कोणी स्वतःला तारणारा समजू नये. तारणारा एकच आहे, आणि तो चर्चचा ट्रेझरर नव्हे.

पण फरक पडतो तो असा. इज्रेलच्या वडीलजनांना पत्रं आली तेव्हा त्यांच्यातल्या एकाने जरी म्हटलं असतं, "या कागदाला मी हात लावणार नाही," तरी कदाचित नाबोथ मेलाच असता. ईजबेलला दुसरा माणूस मिळाला असता. तरी त्या एकाचं "मी नाही" वाया गेलं असतं का? अख्ख्या गावात निदान एकाने तरी खुनाला खून म्हटलं असतं. अन्यायाला नेहमी सज्जन माणसांच्या सह्या लागतात. मंडळीची सही तर त्याला फारच आवडते, कारण तिने सगळं पवित्र दिसू लागतं. ती सही परत घेणं ही साक्ष आहे. आणि साक्ष द्यायची की नाही हे तिचा उपयोग होईल का यावरून ठरत नाही. ती खरी आहे का, यावरून ठरतं.

दुसरी शंका मला जास्त भारी वाटते, आणि ती मत्तयाच्या 27 व्या अध्यायातून येते. यहूदा तीस रुपे घेऊन मुख्य याजकांकडे परत आला आणि म्हणाला की मी निर्दोष माणसाला धरून दिलं. त्यावर त्यांनी काय केलं? त्याच्या बोलण्याशी आमचा संबंध नाही म्हणून त्याला वाटेला लावलं. आणि मग एकदम नियम आठवला: हा रक्ताचा पैसा आहे, तो मंदिराच्या कोशात घालणं बरं नव्हे! म्हणून त्याचं कुंभाराचं शेत घेतलं. बघा हं, यांनीही पैसा बाजूला काढला. अगदी नीतीच्या नियमाने काढला. कोश शुद्ध राहिला, पण ज्याचं रक्त सांडत होतं तो त्याच सकाळी क्रुसाकडे नेला जात होता, आणि त्याच्यासाठी त्यांनी तोंडातून शब्द काढला नाही. त्याच अध्यायात पिलातही पाणी मागवून हात धुतो.

म्हणून पैसा काढून घेणं हे आपोआप पुण्य होत नाही. "माझे हात स्वच्छ राहिले" एवढाच हेतू असेल तर आपण पिलाताच्या घंगाळाशी उभे आहोत. माझ्या मनाने मी एक कसोटी लावते: पैसा काढल्यानंतर तुला नाबोथाची आठवण राहते का? शेअर विकण्याआधी तू प्रश्न विचारलास का, विकताना कारण मोठ्याने सांगितलंस का, आणि विकून झाल्यावर त्या लोकांचं काय झालं याची चौकशी करतोस का? या तिन्हींना "हो" असेल तर ती साक्ष आहे. नसेल तर ते फक्त हात धुणं आहे.

चर्चला ही आठवण किती कठीण जाते, त्याचंही उदाहरण त्याच घरात आहे. इंग्लंडमध्ये 1704 साली गरीब पाळकांना मदत करण्यासाठी राणी ॲनच्या नावाने एक निधी सुरू झाला. हेतू किती चांगला! पण पुढे त्या निधीचा मोठा पैसा साउथ सी कंपनीत गेला, जी आफ्रिकेतल्या माणसांना गुलाम म्हणून जहाजांतून नेऊन विकत होती. त्या निधीचा वारसा आजच्या चर्चच्या ठेवींपर्यंत आलेला आहे. याचा सविस्तर अहवाल चर्चने जानेवारी 2023 मध्ये स्वतःच प्रसिद्ध केला आणि भरपाई म्हणून 10 कोटी पौंडांचा निधी जाहीर केला. तीनशे वर्षं! पाळकाच्या ताटातली भाकरी कोणाच्या साखळदंडातून आली, हे कळायला आणि कबूल व्हायला तीनशे वर्षं लागली. अहाबालाही पश्चात्ताप झाला होता, हे विसरू नका. त्याने वस्त्रं फाडली, गोणपाट नेसलं, उपास केला, आणि देवाने तो पाहिलाही. पण त्याने मळा परत दिला, असं वचनात कुठेच लिहिलेलं नाही. पुढे 2 राजे 9 मध्ये येहूच्या काळीसुद्धा ती जागा नाबोथाच्याच नावाने ओळखली जाते. सातबारा बदलला तरी देवाच्या दप्तरात नाव बदलत नाही.

आता माझ्या दाराशी येते, कारण त्याशिवाय हे लिहिणं प्रामाणिक होणार नाही. मी ऊर्जानगरची. आमचं गावच वीज केंद्रासाठी वसलं. 2920 मेगावॅटचं महाऔष्णिक केंद्र, शेजारी दुर्गापूरची कोळसा खाण, आणि आमच्या घरात येणारा पगार त्याच कोळशाचा. 2015 साली याच चर्च ऑफ इंग्लंडने औष्णिक कोळसा आणि डांबरी वाळूतलं तेल काढणाऱ्या कंपन्यांतला 1 कोटी 20 लाख पौंडांचा पैसा काढून घेतला. ही बातमी मी वाचली तेव्हा मनात पहिलं आलं ते हे: मग आमचा दशमांश? तोही कोळशाचाच. तो पेटीत टाकायचा की नाही?

खूप विचार आणि प्रार्थना करून मी इथवर पोचले आहे. कोळशातून पैसा काढणारे चुकले असं मी म्हणत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2009 मध्ये चंद्रपूरला अतिप्रदूषित पट्ट्यांच्या यादीत घातलं होतं, हवेचा हिशेब इथल्या माणसाला दुसऱ्याने शिकवायला नको. पण दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. जो घाम गाळून भाकरी कमावतो आणि धुळीत स्वतः श्वास घेतो, तो त्या धंद्यात आपलं शरीर घालतो. जो दुरून पैसा लावतो, तो आपली मुद्रा घालतो आणि शरीर दुसऱ्याचं. अहाबाच्या मळ्यात रोजाने राबणाऱ्या माळ्याला एलीयाने जाब विचारला नाही. म्हणून ऊर्जानगरच्या कामगाराने आपला दशमांश मान वर करून द्यावा, असं मला वाटतं. आणि जी मंडळी कोळशातून पैसा काढते, तिने तो काढताना एवढं विचारावं: उद्या ही चिमणी बंद झाली तर तिच्या सावलीत वाढलेल्या लेकरांचं काय? हे न विचारता काढलेला पैसा पुन्हा कुंभाराच्या शेताकडेच जातो.

"पण मी कुठे काय गुंतवते, मी तर नुसती नोकरी करते," असं तुमच्यातलं कोणी म्हणत असेल. आपल्याकडे धर्मादाय न्यासांचा पैसा सहसा बँकेत आणि सरकारी रोख्यांत असतो, हे खरं. पण तुमच्या महिन्याच्या एसआयपीचं काय? तुमच्या पगारातून कापला जाणारा पीएफ? 2015 पासून ईपीएफओ आपल्या निधीचा काही भाग ईटीएफमधून शेअर बाजारात घालते. आपल्या सगळ्यांच्या मुद्रा कुठे ना कुठे उठत आहेत. सगळ्या पत्रांवर लक्ष ठेवणं आपल्या हातात नाही, आणि देव आपल्याकडून अशक्य मागत नाही. पण जिथे हातात आहे, तिथे "कसा?" हा प्रश्न विचारणं अशक्य नाही. जो प्रश्न अहाबाने गिळला, तो आपण गिळायचा नाही, एवढंच.

या आठवड्यात करून पाहा:
1. तुमच्या एका फंडाची महिन्याची यादी उघडा. पहिल्या दहा कंपन्यांची नावं वाचा. त्यांतल्या एकीबद्दल शोधा: ही जिथे काम करते, तिथल्या लोकांना "नाही" म्हणता येतं का?
2. मंडळीच्या पुढच्या वार्षिक सभेत, हिशेब वाचून झाल्यावर, नम्रपणे विचारा की आपल्या ठेवी कुठे आहेत आणि कोणी ठरवलं. भांडायला नको. वडीलजनांना "सर, एक विचारू का?" एवढं पुरे.
3. उत्तर अस्वस्थ करणारं आलं, तर एकट्याने घाई करू नका. दोघा-तिघांनी मिळून प्रार्थना करा, मग ठरवा. आणि ठरवलंत तर कारण लपवू नका.

प्रार्थना

हे न्यायी पित्या, ज्यांचा नकार कोणी ऐकला नाही त्या सर्वांची नावं तुला ठाऊक आहेत. आमच्या नावाने कुठे कोणती पत्रं लिहिली जात आहेत, ती आम्हाला दाखव. विचारण्याचं धैर्य दे, आणि उत्तर ऐकून पळून न जाण्याचंही. आमचे हात स्वच्छ दिसावेत म्हणून नव्हे, तर आमचा भाऊ आपल्या जमिनीवर निर्भयपणे उभा राहावा म्हणून आमच्या पैशाला तुझ्या वाटेवर आण. ऊर्जानगरच्या, सूरजागडच्या आणि नियमगिरीच्या लेकरांना सांभाळ. येशूच्या नावाने मागतो. आमेन.